खोबऱ्यातला खो

"मामा, पाठ करून बसा. मान वळवायची नाही."

"मान वळवून खो घ्यायला मी काय लिंबूटिंबू हाय व्हय?" हिंदुरावमामा म्हणाले. त्यांनी पँटचे पाय वर दुमडले आणि मधल्या पाटीवरच्या चौकोनात जाऊन बसले. एक पाय मागे, एक पुढे, बोटांची टोकं मातीला टेकलेली. चाळिशी उलटलेला माणूस, पण बसण्यात काही चूक काढता येत नव्हती.

शेजारच्या चौकोनात मुमताज बसली. ती आमच्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी. खेळात शेजारशेजारचे दोघे उलट दिशांना तोंड करून बसतात, पण इथे दोघांची तोंडं एकाच बाजूला होती आणि दोघांच्या मागे मी उभी होते. मी 'खो' म्हणायचं आणि आधी कोण उठतं ते बाकीच्या पोरींनी पाहायचं. पाठीला हात लावायचा नाही, नुसता आवाज. मुमताज आधी उठली तर मामांनी जीपची किल्ली संघाबरोबर आलेल्या खराडे बाईंच्या हातात द्यायची आणि आम्ही सगळ्यांनी त्या परक्या शाळेतच मुक्काम करायचा. मामा आधी उठले तर पोरींनी मुकाट्यानं जीपमध्ये बसायचं आणि मामा आम्हाला घाट चढवून घरी नेणार. पैज मामांनीच लावली होती.

त्याचं असं झालं. आम्ही शाळाशाळांच्या खो-खोच्या स्पर्धेसाठी घाट उतरून खाली आलो होतो. अंतिम सामना जिंकलो. मी कर्णधार होते, बारावीत होते आणि चषक कुणाला हात लावू देत नव्हते. हिंदुरावमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. तरुणपणी जिल्ह्याकडून खेळलेले, आता घाटात माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवायचे आणि संध्याकाळी आम्हाला फुकट शिकवायचे. संघाची ने-आणही त्यांच्याच जीपमधून. आम्ही जिंकलो तसं तिथल्या क्रीडा मंडळाच्या लोकांनी मामांना खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावरून उतरवलं ते शाळेच्या मागच्या बाजूला, आंब्याखाली.

"मामा सकाळी मैदानात बसले, दुपारी मैदानामागं बसले," मुमताज म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. आमच्या भागात पुरुषमाणसं 'बसली' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मामा परत आले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चालणं सरळ, बोलणं स्वच्छ, तोंडात वेलदोडा. फक्त डोळे थोडे जास्त चमकत होते आणि ते सगळ्यांशी जरा जास्तच गोड बोलत होते. खराडे बाई त्या वर्षीच नोकरीला लागलेल्या, आमच्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या. त्यांनी पदर दोनदा सारखा केला आणि मग विचारलं, "मामा, तुम्ही घेतलीय का?"

"औषधापुरती, बाई. मंडळाची मानसं, न्हाय म्हनून चालतंय का?"

"पण घाट आहे हो. या पोरींच्या आईबापांनी माझ्या भरवशावर पाठवलंय त्यांना."

"आनि माझ्या भरवशावर न्हाय?" मामांचा आवाज चढला नाही, पण चेहरा पडला. "बाई, दोन घोटानं माझं काय वाकडं हुतंय? उलट हात मोकळा हुतो. डोस्कं चालतंय. समोरचं दिसायच्या आधी मला दिसतंय."

"ते सगळे असंच म्हणतात," मी म्हणाले.

"आली चौकशी!" मामा मला शैलजा म्हणून क्वचितच हाक मारायचे. मी लहानपणापासून 'का' आणि 'कसं' विचारून त्यांचं डोकं खायची, म्हणून त्यांनी माझं नावच चौकशी ठेवलं होतं. "हां, मग कर की चौकशी. तुमच्या संघातली कुठली बी पोरगी बसवा माझ्या शेजारी. माझ्या आधी उठली तर ही किल्ली बाईंच्या हातात."

शेवटची एसटी निघून गेलेली. दुसरी गाडी मिळण्यासारखी नव्हती. पोरींना घरी जाऊन चषक दाखवायचा होता. बाई काही बोलायच्या आत मुमताज चौकोनाकडे पळाली होती.

"खो!"

मामा उठले. मुमताजही उठली, पण मामांचा पाय आधी पडला हे सगळ्यांनी पाहिलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या.

"पुन्हा," मुमताज म्हणाली. ती हरायला शिकलेलीच नव्हती.

मी यावेळी जरा वेळ लावला. वाट पाहायला लावली आणि मग एकदम म्हणाले. पुन्हा मामाच आधी. पाठीतून काही सुटावं तसे ते उठले आणि चार ढांगा पळूनही गेले. वळून हसत आले. मला खरंच अभिमान वाटला. माझा मामा, ह्या वयात, पोटात दारू असताना आमच्या मुमताजला हरवतोय!

"बघा बाई," ते म्हणाले, "हात मंदावलाय का माझा?"

बाईंचा चेहराही सैलावला. खरं सांगायचं तर त्यांनाही घरीच जायचं होतं.

"शेवटचं," मुमताज म्हणाली.

दोघं बसले. मी छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि तेवढ्यात वाऱ्याबरोबर रेषा आखायच्या फक्कीची धूळ घशात गेली. मी गप्पकन तोंड मिटलं. आणि मामा उठले! त्यांच्या पाठोपाठ, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना पाहून, मुमताजही उठली. पोरींनी एकच गिल्ला केला. "मामा जिंकले! मामा जिंकले!" पिशव्या उचलल्या गेल्या, कुणीतरी जीपच्या मागच्या फळीवर जागा धरली. मुमताजनं हात झटकले आणि मामांच्या पाया पडायचं नाटक केलं.

मी तिथेच उभी राहिले. खो अजून माझ्या तोंडातच होता.

मला भीती वाटली असं आता सांगितलं तर ते खोटं होईल. त्या क्षणी मला फक्त नवल वाटलं. नसलेल्या आवाजावर माणूस उठतो कसा? आणि तोही हिंदुराव पिसाळ? आमच्या अंगणात आम्ही पोरींनी किती वेळा त्यांना फसवायचा प्रयत्न केला होता. हा त्यांनीच लावलेला सराव. मागे उभं राहून एकीनं काहीही ओरडायचं, खोली, खोकला, खोटं, खोबरं, आणि मध्येच खरा खो द्यायचा. चुकून जी उठेल तिनं मैदानाला फेरी मारायची. मामा बसले की आम्ही घसा बसेपर्यंत ओरडायचो. ते हलायचे नाहीत. डोळे मिटून म्हणायचे, "पोरींनो, ह्यो पळनाऱ्याचा खेळ न्हाय, बसनाऱ्याचा हाय. पळतंय कुनी बी. खो येईस्तवर बसतंय कोन, ते बघायचं." ते जिल्ह्याकडून खेळत तेव्हा खो मिळायच्या आधी उठल्याचा फाऊल त्यांच्यावर एकदाही लागला नव्हता, हे आमच्या घरात पोथीतल्यासारखं सांगितलं जायचं.

"मामा," मी म्हणाले, "अजून एकदा बसता? एकटेच."

"झाली की पैज. आता काय?"

"पैजेचं नाही. मला एक बघायचंय."

"चौकशीला बघायचंय!" ते हसले. "बघ बाई, बघ."

"शैलजा, अंधार पडायच्या आत घाट चढायचाय," खराडे बाई म्हणाल्या.

"एकदाच, बाई."

मामा बसले. मी मागे गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "खोबरं!"

मामा उठून पळाले.

पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मुमताज तर जीपच्या चाकाला धरून बसली. मामा चार पावलांवर थांबले आणि वळले. तेही हसत होते, पण कान तांबडे झाले होते.

"ह्यात काय?" ते म्हणाले. "आधी 'खो' म्हनलीस, मग 'बरं' म्हनलीस. मी 'खो'वर उठलो. तुझं बरं यायच्या आत मी खांबाजवळ. ह्याला चपळाई म्हंत्यात."

यावर पोरी आणखी हसल्या. उत्तर बिनतोड वाटत होतं. खोबऱ्यात खो असतोच.

"पण मामा, अंगणात तुम्ही 'बरं' ऐकेपर्यंत थांबता."

"अंगनात मला कुटं घाई असती?"

"आज कसली घाई आहे?"

त्यांनी खिशातली किल्ली चाचपली.

पुढे मी कॉलेजात मानसशास्त्र घेतलं तेव्हा असलाच प्रयोग पुस्तकात दिसला. हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं, तांबडा लागला की हात आवरायचा. दारू भरपूर झाली की हात मंदावतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण थोडीशी झाली तर कधी कधी हिरव्यावर हात तितकाच वेगानं जातो, फक्त तांबड्यावर आवरत नाही. वर्गातल्या पोरांना ते ऐकून मोठं आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं, कारण मला ते खोबऱ्यावर कळलं होतं.

पण त्या संध्याकाळी मला शब्द सापडत नव्हते. पैज वेगाची होती आणि वेगात मामा जिंकले होते. मी सांगू काय? मामांनी किल्ली खिशातून काढली होती, बोटात फिरवत होते. पोरी एकेक करून चढत होत्या. सगळ्यात पुढे, ड्रायव्हरशेजारी, आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी बसायची, तिला उलटी होते म्हणून. मी सांभाळायला दिलेला चषक मांडीवर घेऊन ती बसलीसुद्धा.

तेव्हा मात्र मी जीपच्या आडवी जाऊन उभी राहिले.

"मामा, मघाशी तिसऱ्यांदा मी खो म्हणालेच नव्हते."

"काय?"

"माझ्या घशात धूळ गेली. मी तोंड मिटलं. तुम्ही उठलात. तुम्हाला बघून मुमताज उठली."

मामांनी माझ्याकडे पाहिलं ते अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. "मी फाऊल केला म्हंतीस?"

"मी फक्त सांगतेय."

"मला ऐकू आला! सपष्ट ऐकू आला. तुझाच आवाज." ते बाईंकडे वळले. "बाई, तुमी ऐकला का न्हाय?"

खराडे बाई गोंधळल्या. "मला वाटलं ती म्हणाली. पोरी ओरडल्या म्हणून..."

"मुमताज?"

"मी तुमच्यामागनं उठले, मामा," मुमताज खाली बघत म्हणाली. "मला बी वाटलं, मी ऐकायची चुकले."

मामांनी किल्ली खिशात टाकली आणि ताडताड चौकोनाकडे गेले. बसले. "हिचं काय खरं न्हाय. बाई, तुमी या. तुमी उभ्या रावा मागं. मास्तरीन मानूस खोटं बोलायचं न्हाय. द्या खो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही, देवाशपथ. त्या चपला काढून, का कोण जाणे, अनवाणीच मामांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही सगळ्या कडेला. जीपमधल्याही खाली उतरल्या. कुणी हसत नव्हतं.

बाई गप्प राहिल्या.

मामांचे खांदे मला बाजूनं दिसत होते. ते ताणले, सैल झाले, पुन्हा ताणले. बोटं मातीत रुतली. घराघरांतून धूर निघायला लागला होता, लांब कुठंतरी एक गाय हंबरली, त्या आवाजानंही त्यांचा पाय थरकला पण ते बसून राहिले. मला वाटलं, जमलं. जिंकले मामा. मी चुकले आणि ते बरंच झालं. माझ्या मनात खरोखर असं आलं.

आणि ते उठले.

उठले, पळाले, खांबाला हात लावून वळले. "ह्ये घ्या! किती झटक्यात! आता बोला!"

टाळ्या वाजल्या नाहीत. मामांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"काय झालं?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी काहीच बोलले नाही हो, मामा."

मामा हसले. मग हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे माझ्यावर आले. "शैलजा, खरं सांग. आईची आन हाय तुला."

"नाही बोलल्या, मामा."

"अगं, मला ऐकू आला."

"हो."

"न्हाय, तसं न्हवं. अंदाजानं उठलो असं न्हवं. खो आला, बाईचा आवाज आला, पातळ. म्हनून उठलो."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? मला त्यांचा एकही शब्द खोटा वाटत नव्हता. तेच भयंकर होतं.

त्यांनी किल्ली काढून बाईंच्या हातात दिली. देताना त्यांच्याकडे बघितलं नाही. "पोरींची सोय हितंच करा, बाई. मंडळाच्या लोकांना मी सांगतो, सतरंज्या देत्यात. पोरींच्या घरी फोन करायचं बी बघतो. सकाळी चहा झाला की निघू." मग पोरींना म्हणाले, "चषक कुटं पळून जात न्हाय, उद्या दावा."

कुणी कुरकुर केली नाही. मुमताजनं फळीवरच्या पिशव्या उतरवायला घेतल्या.

मामा मैदानाच्या कडेच्या हातपंपावर गेले. एका हातानं दांडा मारायचा आणि दुसऱ्या हातानं तोंडावर पाणी घ्यायचं, ते जमेना, तेव्हा मी जाऊन दांडा मारला. त्यांनी डोकं पाण्याखाली धरलं. बराच वेळ धरलं. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून पंपाच्या कट्ट्यावर टेकले. मला त्यांच्याजवळ बसावं की निघून जावं ते कळेना. मी त्यांना दुखवलं होतं आणि तरी मला त्यांच्याविषयी जेवढं प्रेम त्या वेळी वाटलं तेवढं आधी कधी वाटलं नव्हतं. मी बसले.

"रागावलात?"

"तुझ्यावर? छ्या." ते घाटाच्या दिशेनं बघत होते. वळणावर वर चढणाऱ्या एका ट्रकचा दिवा दिसला आणि डोंगराआड गेला. "तू कदी घाटात फुडं बसलीयास का गं माझ्या शेजारी?"

"पुष्कळदा."

"मग बघितलं असशील. चढावर फुडं ट्रक असतोय. मला त्याच्या फुडचं काय दिसत न्हाय. वळन असतंय, दरी असतीया. मग ट्रकवाला खिडकीतनं हात काढतो आनि असा हलवतो." त्यांनी उजवा हात काढून, बोटं जुळवून, पुढे जा असा हलवला. "साईड दिली. रस्ता मोकळा हाय, ये म्हंतोय. मी त्या हातावर गाडी काडतो. मला काय दिसत नसताना. निसत्या हातावर."

"माहितीये."

"दुपारी कुनी ना कुनी भेटतंच वाटंवर. पावनं, मंडळी. दोन घोट हुत्यात." त्यांनी ओले केस मागे सारले. "मला कायम वाटायचं, हिंदुरावला हात लगीच दिसतोय. दुसऱ्या ड्रायव्हरच्या आधी दिसतोय. ते बी म्हनायचे, तुला कसा रं साईड मिळती पटापट?"

मागे शाळेत सतरंज्या झटकल्याचा आवाज आला. पोरी जागेवरून भांडायला लागल्या होत्या.

मामांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे पाहत राहिले. मग अगदी हळू, जणू मला खरंच माहीत असेल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "शैले, त्यातले हात किती खरे असतील गं?"

मी बारावीत होते. मामा त्या घाटात माझ्या जन्माच्या आधीपासून गाडी चालवत होते.